निरोपासाठी नवी वायर कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकभगिनींचं पत्र आलं होतं. गच्चीवरची टाकी भरली की तळमजल्याचा पंप आपोआप बंद व्हावा म्हणून त्यांच्या जुन्या इमारतीत वायर टाकायची होती. त्यासाठी ठेकेदाराने जिन्यालगतची भिंत वरपासून खालपर्यंत फोडली आणि पहिल्याच पावसात त्या खाचेतून ओल उतरली, अशी त्यांची तक्रार होती. ते वाचून मला राहवलं नाही. आमच्यावरही हाच प्रसंग येऊ घातला होता आणि आम्ही भिंतीला छिन्नी न लावता निभावलं. टाकीतल्या पाण्याचा निरोप आम्ही इमारतीत आधीपासूनच असलेल्या विजेच्या वायरीतून खाली आणला. ते कसं केलं, कुठे चुकलो आणि कोणत्या कामाला ही पद्धत मुळीच वापरू नये, हे लिहितो आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर इतिहासाचा भाग कापा, पण सुरक्षिततेबद्दल जे लिहिलं आहे ते कृपया पूर्ण छापा.

मी राज्य वीज मंडळाच्या उपकेंद्रांत ‘कॅरियर’ विभागात एकतीस वर्षं काम केलं. कॅरियर म्हणजे काय हे मंडळाबाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. उच्चदाबाच्या ज्या तारांमधून वीज जाते, त्याच तारांवरून एका उपकेंद्राचा ऑपरेटर दुसऱ्या उपकेंद्राशी टेलिफोनवर बोलायचा. लाइनवर बिघाड झाला तर पलीकडचा ब्रेकर पाडण्याचा इशाराही त्याच तारेवरून जायचा. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लहरींची, आणि आमचा आवाज त्याहून हजारो पट वरच्या, काहीशे किलोहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला. दोघं एका तारेवर राहतात, पण एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. रेल्वेतून जाताना उपकेंद्राच्या कुंपणाआड पिंपाएवढी मोठी गुंडाळी टांगलेली दिसते, तो आमचा वेव्ह ट्रॅप. तो विजेला जाऊ देतो आणि कॅरियरला आत शिरू देत नाही. त्याच्या शेजारी चिनी मातीच्या उंच खांबासारखा उभा असतो तो कपलिंग कपॅसिटर. त्याचं काम नेमकं उलटं: कॅरियरला वाट द्यायची आणि वीज रोखायची. पावसाळ्यात ओल्या तारांवर कोरोना, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत होणारा विजेचा बारीक स्राव, वाढला (हा शब्द आमच्या धंद्यात साथीच्या कितीतरी आधीपासून होता) की फोनमध्ये तळणीसारखी चरचर यायची, तरी बोलणं कळायचं. आता विजेच्या मनोऱ्यांवरच्या अर्थवायरमध्येच ऑप्टिकल फायबर असतं आणि कॅरियरचं काम बरंच कमी झालं आहे. पण एका तारेवर दोन कामं होतात, हे मी नोकरीभर रोज पाहिलं आहे.

आमची इमारत लालबागची. तळमजला अधिक चार मजले, सागवानी तुळया, जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा. सकाळी महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. पूर्वी गच्चीवरच्या फ्लोट स्विचपासून (पाण्यावर तरंगणारा, पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच) पंपापर्यंत एक वायर बाहेरच्या पन्हळीच्या पाइपाला बांधून आणलेली होती. दोन पावसाळ्यांत ती तीनदा तुटली, एकदा घुशींनी कुरतडली. वायर तुटली की एक तर पंप चालूच व्हायचा नाही आणि चौथ्या मजल्यावर नळाला थेंब नसायचा, नाही तर पंप चालूच राहायचा आणि गच्चीवरून धो धो पाणी वाहायचं. ज्या शहरात चार हंडे पाण्यासाठी बायका पहाटे उठतात, तिथे गोडं पाणी पन्हळीतून गटारात जाताना बघणं मला सहन होत नाही. एका ठेकेदाराने आतून पाइप टाकून नवी वायर ओढण्याचा खर्च ४६ हजार सांगितला. प्रत्येक मजल्याच्या तुळईशेजारी भोक पाडावं लागणार होतं. आमच्या इमारतीत एका खिळ्यासाठी भिंत ठोकली तरी मूठभर चुना खाली येतो.

ही जून २०१८ ची गोष्ट. माझी नात तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला होती. एका रविवारी गच्चीवर टाकीपाशी उभी असताना ती म्हणाली, “आबा, इथे दिवा आहे म्हणजे वीज आहे. खाली पंप आहे म्हणजे तिथेही वीज आहे. मग वायर आहेच की.” मी आयुष्यभर जे केलं ते माझ्याच घरावर लागू पडतं, हे मला तिने सांगावं लागलं.

लॅमिंग्टन रोडवरून आम्ही दोन अर्डुइनो बोर्ड आणले. अर्डुइनो म्हणजे हवा तसा प्रोग्राम घालता येणारा छोटा संगणकच. एक गच्चीवरच्या डब्यात बसवायचा, दुसरा पंपाजवळच्या डब्यात. त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरला मेमरी म्हणाल तर नावापुरती, पण त्याचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. त्या ठोक्यांना १४४ ने भागलं की १११ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर मिळते. हीच आमची कॅरियर. आता ती २३० व्होल्टच्या लाइनवर चढवायची कशी? उपकेंद्रातल्या त्या चिनी मातीच्या खांबाचंच हे घरगुती रूप: ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर. ५० हर्ट्झच्या विजेला तो जवळपास ३२ हजार ओहमचा अडथळा करतो, म्हणून वीज त्यातून जेमतेम ७ मिलीअँपिअर झिरपते. सव्वाशे किलोहर्ट्झच्या लहरीला (आमची लहर पुढे तिथेच न्यावी लागली, ते खाली सांगतो) मात्र त्याचा अडथळा अवघा १३ ओहमचा. वारंवारता २,५०० पट वाढली की अडथळा तितकाच घटतो, बस्स. या कपॅसिटरनंतर एक छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर ठेवायचा, म्हणजे बोर्ड आणि लाइन यांच्यात तांब्याची सलग जोड राहत नाही. लाइनच्या बाजूला फ्यूज, आणि विजेचा अचानक आलेला झटका गिळायला एक व्हॅरिस्टर.

निरोप पाठवायची वेळ कोणती, हा यातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. आपल्या विजेचं व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं. नेमक्या त्या क्षणी लाइन सर्वांत शांत असते, कारण पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर यांचा खटका त्या क्षणानंतर पडतो. शिवाय हा शून्यबिंदू गच्चीवरच्या आणि तळमजल्याच्या डब्याला एकाच वेळी कळतो, त्यामुळे दोघांची घड्याळं जुळवायला वेगळं काही करावं लागत नाही. ते काम वीज कंपनी आपल्याला फुकटात करून देते. शून्यबिंदूला १ मिलिसेकंद लहर सोडली तर ‘आहे’, नाही सोडली तर ‘नाही’. निरोपातल्या अशा एका आहे-नाहीला बिट म्हणतात. ही युक्ती आमची नव्हे. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-१० नावाची पद्धत काढली, तिच्यात १२० किलोहर्ट्झची लहर अशीच शून्यबिंदूला सोडतात. घराला १६ पैकी एक अक्षर, दिव्याला १६ पैकी एक आकडा, असे २५६ पत्ते होतात. अमेरिकेतल्या घरांत लोक यावर दिवे चालू-बंद करत असत. पुढे इटलीत एनेल या वीज कंपनीने २००१ पासून ३ कोटींहून जास्त मीटर बसवले. त्या मीटरांचं रीडिंग विजेच्या तारेवरूनच जवळच्या रोहित्रापर्यंत जातं.

आमचा निरोप एवढासा. आधी ‘ऐका’ म्हणणारी खूण, मग चार बिटांचा पत्ता, चार बिटांची पाण्याची पातळी आणि शेवटी आठ बिटांचा ताळा. लहानपणी गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहायला गुरुजी ताळा करायला लावत, तसाच हा. निरोपाच्या आकड्यांवरून पाठवणारा एक आकडा काढतो, ऐकणारा तोच पुन्हा काढतो, जुळला नाही तर निरोप टाकून द्यायचा. प्रत्येक बिट एकदा सरळ आणि लगेच उलटा असा दोनदा पाठवायचा. हे सगळं धरून एका निरोपाला ०.४ सेकंद लागतात. तोच निरोप तीनदा पाठवायचा आणि त्यातले दोन जुळले तरच खरा मानायचा. फार तर दीड सेकंद जातो. मोबाइलवर सिनेमा बघणाऱ्या मुलांना सेकंदाला ५० बिटांचा वेग ऐकून हसू येतं. पण आमची टाकी भरायला पाऊण तास लागतो. तिचा निरोप दीड सेकंद उशिरा आला तर काय बिघडलं? कामाला किती वेग लागतो हे आधी विचारायला हवं, आणि ते फार कमी लोक विचारतात.

टेबलावर, एका एक्स्टेंशन बोर्डावर दोन्ही डबे लावून पाहिले तेव्हा शंभरात शंभर निरोप पोचले. एक डबा गच्चीवर नेला आणि एकही पोचला नाही. दोन दिवस आम्ही कोड तपासत होतो. दोष कोडमध्ये नव्हताच. आमच्या परवानाधारक वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी मीटर रूममधला एकेक कटआऊट (फ्यूजचा खटका) काढून कुठला दिवा जातो ते पाहिलं. गच्चीचा दिवा पिवळ्या फेजवर आणि पंप लाल फेजवर निघाला. इमारतीला वीज तीन फेजांनी येते. वायरी एकाच मीटर रूममधून निघत असल्या तरी आमच्या लहरीसाठी ती तीन वेगळी गावं आहेत. एका फेजवरून दुसऱ्या फेजवर लहर फार क्षीण होऊन पोचते. दोन फेजांमध्ये कपॅसिटर टाकून पूल बांधता येतो, पण मला ते सामाईक पॅनेलमध्ये नको होतं. भाऊंनी गच्चीचा दिवा पंपाच्या फेजवर आणला. दहा मिनिटांचं काम. त्याच रात्री ११ वाजता पहिला निरोप पंपाच्या खोलीत उमटला. मी आणि नात दोघंही तिथेच पायरीवर बसलो आणि कितीतरी वेळ नुसता तो लुकलुकणारा दिवा बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा रडगाणं सुरू. मी वही घालून बसलो. गच्चीवरून दर अर्ध्या मिनिटाला एक, म्हणजे तासाला १२० निरोप सुटतात. पहाटे सगळे यायचे. संध्याकाळी ७ ते १० या वेळात तासाला ७०-७१ यायचे. इथे घरातल्या उपकरणांचे दोन वर्ग मला नीट कळले. काही गोंगाट करतात. आमच्या तळमजल्यावरच्या शिंप्याच्या मशीनची मोटर ब्रशवाली आहे. ती सुरू झाली की ठिणग्यांचा आवाज सगळ्या लाइनवर पसरतो. दुसरी उपकरणं गप्प असतात, पण निरोप गिळतात, आणि त्रास त्यांचाच जास्त. चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, टीव्हीखालचा तो स्पाइकगार्ड, यांत लाइनच्या दोन टोकांमध्ये कपॅसिटर जोडलेला असतो. ज्या कपॅसिटरने आमची लहर लाइनवर चढते, त्याच जातीचा कपॅसिटर दुसरीकडे तिला उतरायला दार उघडून देतो. पंपाच्या खोलीला लागूनच वॉचमनदादांची खोली आहे. त्यांच्या टीव्हीचा स्पाइकगार्ड आमच्या डब्यापासून दोन हातांवर होता, आणि टीव्ही संध्याकाळी लागायचा. त्यांच्या टीव्हीचं बटण आम्ही जिन्यापलीकडच्या सर्किटवर दिलं. मधली पंधरा मीटर वायर हीच आमच्या लहरीसाठी आठ-दहा ओहमचा अडथळा झाली आणि गळती थांबली. शिंपीकाकांच्या मशीनला काही करावं लागलं नाही. तीनदा पाठवलेल्या निरोपातला एखादा बुडतो, दोन पोचतात. त्यानंतर वहीत तासाला ११८-११९ असे आकडे आहेत.

आणखी एक चूक लिहायलाच हवी, कारण ती दुसऱ्याच्या घरात झाली. दुसऱ्या मजल्यावरचे काका गिरणीतून निवृत्त झालेले, सकाळी मिडियम वेव्हवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ऐकायचे. एक दिवस ते रेडिओ हातात घेऊनच आले. “दर अर्ध्या मिनिटाला कुर्रर्र करतोय हो, बातम्या कळत नाहीत.” मला लगेच उलगडा झाला. मायक्रोकंट्रोलरची लहर गोलाईची नसते, चौकोनी असते आणि चौकोनी लहरीत तिची तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारताही मिसळलेली असते. १११ च्या पाचपट साडेपाचशेच्या थोडं वर, ५५५ किलोहर्ट्झच्या आसपास. अस्मिता ५५८ वर. इमारतीची सगळी वायर अँटेनासारखी त्यांच्या रेडिओशेजारून गेलेली. नातीने १४४ ऐवजी १२८ ने भागायला सांगणारी एक ओळ बदलली, लहर १२५ किलोहर्ट्झ झाली, पाचपट ६२५ वर गेली. तिची एक ओळ, पण मला ऐकणाऱ्या डब्यातली गुंडाळी पुन्हा नव्याने गुंडाळून जुळवावी लागली, त्यात चार दिवस गेले. पाठवणाऱ्या डब्यात चौकोनी लहरीचे कोपरे घासणारा फिल्टरही मी तेव्हा बसवला, जो पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. कॅरियरवाल्याने शेजाऱ्याच्या रेडिओचा विचार आधी केला पाहिजे. काकांची मी क्षमा मागितली.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि हे मी हात जोडून लिहितो आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंत मुलं मायक्रोकंट्रोलर थेट २३० व्होल्टला जोडताना दिसतात. काही जण ट्रान्सफॉर्मर वाचवायला नुसता कपॅसिटर घालून पाच व्होल्ट तयार करतात. अशा बोर्डाचा प्रत्येक बिंदू, अगदी त्याची जमीन म्हणवणारी तारसुद्धा, लाइनला जोडलेली असते. त्याला लॅपटॉप लावला तर लॅपटॉप जळेल आणि हात लावणारा मुलगा दगावू शकेल. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून नीट संवेदना नाही. ती नोकरीतली आठवण आहे आणि मी तेव्हा शिकलेला, सगळी साधनं हाताशी असलेला माणूस होतो. म्हणून सांगतो. एक्स-२ लिहिलेलाच कपॅसिटर घ्या, साधा ४०० व्होल्टचा चालवू नका. एक्स-२ वर्गाची चाचणीच लाइनवर कायम बसण्यासाठी आणि विजेचे झटके सोसण्यासाठी झालेली असते. त्याच्यावर १० लाख ओहमचा रोध समांतर लावा, म्हणजे पिन काढल्यावर साठलेला भार बोटांना बसणार नाही. लाइन आणि बोर्ड यांच्यात ट्रान्सफॉर्मर हवा, शून्यबिंदू ओळखायला ऑप्टोकपलर, म्हणजे तारेची जोड न ठेवता प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग, हवा. डबा प्लॅस्टिकचा आणि स्क्रूने बंद होणारा असावा. गच्चीवरचा डबा पाणी न शिरणारा असावा आणि त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. मीटर रूम आणि सामाईक पॅनेलला परवानाधारक माणसाशिवाय कुणी हात लावू नये. आम्ही एवढं सगळं करत असतानाही पॅनेल प्रत्येक वेळी भाऊंनीच उघडलं.

हे जिथे वापरू नये त्या जागाही सांगतो. आगीच्या सूचनेसाठी अजिबात नाही. आग लागली की पहिलं काम म्हणजे मेन स्विच पाडणं, आणि तो पडला की डबे मुके होतात. लिफ्टच्या सुरक्षेसाठी नाही. कॅमेऱ्यासाठी नाही. त्याला २ ते ३० मेगाहर्ट्झवर चालणारी वेगळी उपकरणं बाजारात मिळतात, पण आमच्यासारख्या सांध्यासांध्यांच्या वायरिंगवर त्यांचा वेग गळतो, आणि हौशी रेडिओवाले त्यांच्याबद्दल पूर्वीपासून तक्रार करत आले आहेत. आणखी एक: लाइनवर सोडलेला निरोप आपल्याच इमारतीत थांबतो असं नाही, शेजारच्या इमारतीतही तो क्षीण का होईना ऐकू येऊ शकतो. म्हणून आमच्या लाइनवरून ‘पंप चालू कर’ असा हुकूम कधीच जात नाही. फक्त पाण्याची पातळी जाते, निर्णय पंपाजवळचा डबा घेतो. पाच मिनिटं खरा निरोप आला नाही तर तो पंप बंद करतो. पाणी चढलं नाही तर कुणीतरी ओरडेल आणि आम्ही बघू. पण निरोप बंद आणि पंप चालू, असं होता कामा नये.

वायफाय का नाही, असं आपले वाचक विचारतील. पंपाच्या खोलीत राउटर कुणाचा, पासवर्ड बदलला की कोण जुळवणार, हे प्रश्न आमच्याकडे पहिल्याच सभेत आले. शिवाय आमच्या जाड भिंतींतून पाच मजले ते पोचतही नाही. तेव्हा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ असलेल्या परवानामुक्त पट्ट्यातल्या रेडिओने काम झालं असतं, हे मी मान्य करतो. ज्या इमारतीचं वायरिंग धड नाही तिथे मी तोच सुचवीन. पण गच्चीवरच्या डब्याला वीज तर कुठल्याही पद्धतीत लागणारच होती, म्हणजे वायर तिथपर्यंत जाणारच होती. टाकीत आम्ही एका पीव्हीसी पाइपावर चार चुंबकी फ्लोट बसवले, प्रत्येकाला एक बिट. दोन्ही डबे, फ्लोट आणि भाऊंची मजुरी धरून खर्च ४,१०० रुपये झाला. वही सोसायटीच्या कपाटात आहे.

पुढच्या वर्षी याच तारेवर आम्ही आणखी एक निरोप चढवला. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात. त्या एकदा न्हाणीघरात पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही. सुदैवाने त्यांचं घर आणि माझं घर एकाच फेजवर आहे. त्यांच्या पलंगाशी एक आणि न्हाणीघराबाहेर एक, अशी पाच व्होल्टवरची दोन बटणं आहेत. लाइनचा डबा वर भिंतीवर, हात पोचणार नाही अशा जागी. रोज सकाळी उठल्या की त्या बटण दाबतात आणि माझ्या स्वयंपाकघरात हिरवा दिवा लागतो. साडेसातपर्यंत लागला नाही तर मी वर जातो. गेल्या पाच-सहा वर्षांत मी सातवेळा गेलो. पाचदा त्या विसरल्या होत्या, एकदा सकाळी वीजच गेली होती, आणि एकदा त्यांना ताप भरला होता, अंथरुणातून उठवत नव्हतं. पहिल्या खेपेला दार उघडत म्हणाल्या, “अहो, चहा टाकला आणि विसरलेच बघा. आता आला आहात तर घेऊन जा.” वीज गेली की हा दिवाही लागत नाही, हे मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून बटणाला जोडून फोनही ठेवला आहे.

आपल्या अंकामार्फत दोन विनंत्या करतो. पहिली, तंत्रनिकेतनांतल्या आणि आयटीआयमधल्या अध्यापकांना. तुमच्या मुलांना प्रकल्पासाठी दिवे लुकलुकवायला सांगण्याऐवजी त्यांच्या इमारतीतला एखादा निरोप द्या. मात्र लाइनला जोडायचा भाग शिक्षक समोर असल्याशिवाय करू देऊ नका. इलेक्ट्रिकलची मुलं आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एका बाकावर बसवा, कारण एकाला फेज कळतो, दुसऱ्याला कोड. मला नात मिळाली आणि वायरमनभाऊ मिळाले म्हणून हे झालं.

दुसरी विनंती जुन्या इमारतींच्या पदाधिकाऱ्यांना. आमचे दोन दिवस फुकट गेले ते गच्चीचा दिवा कुठल्या फेजवर आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे. ज्या वृद्ध वायरमनने १९८० च्या सुमारास आमचं वायरिंग केलं त्याला ते तोंडपाठ होतं, पण तो गावी गेला आणि ती माहिती त्याच्याबरोबर गेली. आता आमच्या मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लावला आहे: प्रत्येक घर, जिन्याचा प्रत्येक दिवा, गच्ची, पंप, वॉचमनची खोली, समोर लाल, पिवळा किंवा निळा ठिपका. भाऊंनी एका रविवारी दुपारी कटआऊट काढत सगळं सांगितलं आणि माझ्या नातीने लिहून घेतलं. तीन तास लागले. तुमच्या इमारतीचा जुना वायरमन अजून येत-जात असेल तर त्याला या रविवारी बोलवा.

आपला,
एक निवृत्त कॅरियर तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई